नाव विचारा, आडनाव नको

(वस्तीतल्या विहारात रविवारच्या बैठकीत बोललो ते. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)



तुम्ही मला कविता म्हणायला बोलावलंत. वही आणलीय, पिशवीत आहे. आज ती उघडत नाही. आज मी तुम्हाला माणूस कसा उचलायचा ते सांगणार आहे.

हसू नका. मी हमाल आहे. उचलणं हा माझा धंदा आहे. पन्नास किलोची गोण पाठीवर कशी घ्यायची, कॉइलला स्लिंग कुठं घालायची, वायर तुटली तर कुठं उभ्या असलेल्या माणसाचा पाय जाईल, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि तरी एका रात्री मला माणूस उचलता आला नाही. म्हणजे उचलला. चुकीचा उचलला. तो मेला.

माझ्यामुळंच मेला असं मी म्हणत नाही. माझ्यामुळं मेला नाही, असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. म्हणून बोलतोय.

आमच्या टोळीत एक गडी होता. साताऱ्याकडचा. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. तिसरी पाळी होती. जहाजातून लोखंडी पाइपांचा भारा वर येत होता. भारा सुटला नाही, तुटला नाही, नुसता फिरला. दादा भारा आणि हॅचची कड यांच्यामध्ये सापडला. कमरेत. क्रेनवाल्यानं भारा मागं घेतला आणि दादा होता तिथंच खाली बसला.

रक्ताचा थेंब नाही. कातडी फाटलेली नाही. दादा बोलत होता. मला म्हणाला, "काय न्हाय रं, मुका मार हाय." आम्ही हुश्श केलं. मुकादम म्हणाला, "पाणी पाज त्याला, बसू दे जरा." मी पाणी पाजलं. दोघांनी बगलेत हात घालून उभं करून बघितलं. तो किंचाळला, तेव्हा परत बसवला. दहा मिनिटांनी म्हणाला, "लेका, थंडी वाजतीया." मे महिना. आमच्या अंगावर घामाच्या धारा आणि हा माणूस म्हणतो थंडी वाजतीया. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. मी म्हटलं, घाबरलाय.

मग तो चळवळायला लागला. उठू बघायचा, हात झटकायचा, शिव्या द्यायचा. दादानं कधी कुणाला शिवी दिली नव्हती. मुकादम म्हणाला, अॅम्ब्युलन्स आत बोलावू नका, गेटबाहेर न्या आणि तिथून फोन करा. कारण दादा कंत्राटी. कागदावर त्या रात्री तो धक्क्यावर नव्हताच. चौघांनी हातपाय धरून त्याला उचलला, मधून घडी पडलेल्या गोणपाटासारखा, टेम्पोत बसवला. बसवला! गेटवर वीस मिनिटं गेली. इस्पितळात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, नाव? मी सांगितलं. पूर्ण नाव? सांगितलं. आडनाव ऐकून त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. डॉक्टर पोरगा माझ्याच वयाचा. चार फुटांवर उभा राहिला. दादा चळवळत होता, शिव्या देत होता. डॉक्टर म्हणाला, "किती घेतलीय?"

दादा माळकरी बापाचा पोर. बापाची माळ त्यानं सोडली, बुद्ध झाला, पण दारूला शिवला नाही. मी ओरडून सांगितलं. वॉर्डबॉयनं मलाच बाहेर काढला. उजाडायच्या आत दादा गेला. पोस्टमॉर्टेममध्ये निघालं ते एवढंच: कमरेच्या हाडाचा चुरा, आणि ओटीपोटात सगळं रक्त.

पुढं मी प्रथमोपचाराच्या वर्गाला गेलो. रागानं गेलो. मला त्या डॉक्टरला पकडायचं होतं, त्याची चूक सिद्ध करायची होती. शिकवणारी सिस्टर म्हणाली, आधी तुम्ही काय काय केलंत ते सांगा. मी सांगत गेलो आणि ती फळ्यावर लिहीत गेली. डॉक्टरची पाळी यायच्या आधी फळा भरला.

तर तो फळा आज इथं लिहितो.

सगळ्यात आधी जागा बघायची. माणूस नंतर. हे ऐकून राग येतो, पण गोदीतल्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. १४ एप्रिल आपण कसा साजरा करतो ते सांगायला नको. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज पेटलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. जहाजात कापसाच्या गासड्या आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. स्फोटक माल असल्याची लाल खूण जहाजावर लावलेली नव्हती. लोक धक्क्यावर उभे राहून आग बघत होते. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. मजूर शेकड्यांनी मेले.

आणि हे फक्त स्फोटाचंच नाही. भंगार, कोळसा, लाकडाचे ओंडके भरलेल्या बंद हॅचमध्ये हवेतला प्राणवायू संपतो. लोखंड गंजतं तेव्हा तेच तो खातं. एक जण उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. तिसरा मित्र असतो, तो कसा थांबणार? गटारात उतरणाऱ्या आपल्या भावांचं मरण असंच असतं, आणि ते कुणाच्या वाट्याला येतं ते मी या विहारात सांगायला नको. मित्र पडला म्हणून मागोमाग उडी घालणं ही शौर्याची गोष्ट नाही. आधी क्रेन बंद, वीज बंद, हवा आत सोडा, दोरी बांधा. मगच.

आता माणसाजवळ गेलात. बघता बघता रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी ती दाबा. पूर्वी ए-बी-सी शिकवत, म्हणजे आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्त. आता जीवघेणा रक्तस्राव त्याच्याही आधी घेतात. कारण शरीरात पाच लिटरच्या आसपास रक्त, आणि मांडीची मोठी शीर तुटली तर ते काही मिनिटांत संपतं.

चिळकांडी नसेल तर नाव विचारा.

दोस्तहो, इथं मी वर्गात अडकलो होतो. सिस्टर म्हणाली, पहिला प्रश्न 'तुमचं नाव काय?' मला त्या खिडकीवरचा माणूस आठवला. आपल्याला आजवर नाव विचारलं गेलं ते शाळेत, खोली भाड्यानं घेताना, नोकरीत, आणि ते आडनाव काढण्यासाठी विचारलं गेलं. इथं नाव विचारायचं कारण वेगळं. माणसानं नीट नाव सांगितलं, म्हणजे घशाची वाट मोकळी आहे, बोलण्याइतका वारा छातीत जातोय, आणि प्रश्न कळण्याइतकं रक्त मेंदूला पोचतंय. एका प्रश्नात तीन तपासण्या. उत्तर काय येतं त्याच्याशी देणंघेणं नाही. उत्तर येतं की नाही, घरघर ऐकू येते का, अर्धंच वाक्य येऊन दम तुटतो का, तेवढं ऐकायचं. दोनतीन मिनिटांनी परत विचारायचं. मघाशी सांगत होता आणि आता सांगत नाही, तर तो बुडतोय.

नाव विचारताना त्याच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरा, हलू देऊ नका. उंचावरून पडलेला, भाऱ्याखाली सापडलेला, गाडीनं उडवलेला, या सगळ्यांची मान मोडली असं समजूनच चालायचं. बेशुद्ध असेल तर जीभ मागं पडते आणि माणूस स्वतःच्याच जिभेनं गुदमरतो. मान मागं न वाकवता, जबड्याच्या दोन्ही कोनांखाली बोटं घालून जबडा पुढं उचलायचा. तोंडात दात, सुपारी, तंबाखू, ओकारी दिसली तर काढायची. जे दिसत नाही ते चाचपायला बोट आत घालू नका, आणखी आत ढकलाल. ओकारी आली तर अख्खा माणूस एका ओंडक्यासारखा कुशीवर फिरवायचा. डोकं, खांदा, कंबर एकदम. त्याला चार माणसं लागतात, आणि हुकूम डोक्याशी बसलेल्याचा चालतो.

आणि पाणी. पाणी पाजू नका.

हे मला सगळ्यात जड गेलं. ज्या पाण्यासाठी १९२७ साली महाडला चालत गेलो, ते पाणी मरणाऱ्या माणसाच्या तोंडाशी धरायचं नाही? रक्त गेलेल्या माणसाला तहान लागते, भयंकर लागते. तो मागणारच. पण पोटात पाणी गेलं की ओकारी, ओकारी फुप्फुसात, आणि पुढं भूल देऊन पोट उघडायची वेळ आली तर तेच पाणी घात करतं. ओठ ओले करा. बस. आपल्याकडे मरणाऱ्याला पाणी पाजणं हे पुण्य, आणि तहानलेल्या जिवंत माणसाला विहिरीवरून हाकलणं हा धर्म. दोन्ही सोडा.

श्वासाचं थोडक्यात सांगतो. सदरा फाडा, छाती उघडी करून बघा. दोन्ही बाजू सारख्या वर येतात का? मिनिटात किती श्वास? दहाच्या खाली किंवा तीसच्या वर म्हणजे माणूस संकटात. छातीत, पोटात लोखंड घुसलेलं असेल तर उपसू नका. तेच बूच आहे. आजूबाजूनं कापड लावून ते हलणार नाही असं करा. छातीला भोक पडून वारा आतबाहेर करत असेल तर त्यात चिंधी कोंबू नका, उघडं राहू द्या. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी दाबायला लागा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मोठ्या मारानं हृदय थांबलेला माणूस फार कमी वेळा परत येतो. तरी करा.

रक्तावर मात्र मी थांबणार आहे, कारण दादा रक्तानं गेला.

बाहेरचं रक्त दिसतं, त्याला धैर्य पुरतं. जखमेच्या तोंडावर कापड, त्यावर तळवा, त्यावर स्वतःचं वजन. मिनिटामिनिटाला उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. खोल जखम असेल तर हातापायाच्या, बगलेच्या, जांघेच्या जखमेत कापड बोटानं आत भरत जायचं आणि वरून दाबायचं. हातापायाची चिळकांडी दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर तीन बोटं सोडून, सांध्यावर नाही, रुंद पट्टी बांधायची. पट्टीत काठीचा तुकडा घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची. दुखणार. ओरडू दे. सुतळी, वायर बांधू नका, ती मांस कापते. बांधल्याची वेळ त्याच्या कपाळावर लिहा. कपाळावर आपल्या पूर्वजांच्या काय काय लिहिलं गेलं म्हणतात. तुम्ही वेळ लिहा.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पण त्या दिवशी जखमी उचलले ते वस्तीनंच, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. गोळी लागते तिथं पहिला माणूस आपलाच असतो. पाच मिनिटं आपल्या हातात असतात, आणि हात रिकामे असतात. हे मला सलतं.

आतलं रक्त दिसत नाही. वर्गात सिस्टरनं सांगितलं: जमिनीवर सांडतं ते एक, आणि लपायच्या जागा चार. छाती, पोट, कमरेच्या हाडांचा घेर, आणि मांडी. एका मोडलेल्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त गुपचूप मावतं. कमरेचा घेर फुटला तर त्याहून जास्त. आणि तरणा, कष्टाचा माणूस फसवतो. रक्त कमी झालं की त्याच्या शिरा आवळतात, हृदय पळायला लागतं, आणि रक्तदाब टिकून राहतो. पाचांतलं दीड-दोन लिटर गेलं की मग तो एकदम कोसळतो. म्हणून नुसत्या रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबायचं नाही. मनगटाची नाडी भराभर चालते का, हातपाय गार आणि चिकट घाम आहे का, नख दाबून सोडल्यावर लाली परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'रुग्ण फिकट पडतो'. पुस्तक गोऱ्या कातडीवर लिहिलेलं आहे. उन्हात काम केलेल्या आपल्या काळ्या अंगावर फिकटपणा काय दिसणार? खालची पापणी ओढून आतून बघा. हिरड्या बघा, नखं बघा.

आणि थंडी. मे महिन्यातली थंडी. बेचैनी, उठून पळायची धडपड, शिव्या. मेंदूला रक्त पुरत नाही तेव्हा सभ्य माणूस असाच वागतो. ती दारू नव्हती, दोस्तहो. तो दादाचा मेंदू होता, वारा मागत होता.

कमरेत मार बसलेल्या माणसाला उभा करून बघायचा नाही, बसवायचा नाही, हातपाय धरून उचलायचा नाही, कंबर हलवून 'मोडलीय का' बघायची नाही. गोठायला लागलेलं रक्त त्या हलवण्यानं सुटतं. मी चारही गोष्टी केल्या. करायचं होतं ते एवढंच: जुनं लुगडं किंवा चादर वीतभर रुंदीची घडी करून त्याच्या खालून सरकवायची, मांडीचं हाड कमरेच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागतं त्या उंचीवर आणायची, पोटावर नाही, आणि दोघांनी दोन्हीकडून ओढून घट्ट बांधायची. गुडघे एकत्र बांधायचे. आडवा ठेवायचा. फळकुटावर, दारावर, कशावरही, पण आडवा. अंगावर गोणपाट टाकायचं, कारण गार पडलेलं रक्त गोठत नाही. एक लुगडं. आमच्या टोळीत बांधाबांधीत तरबेज पंधरा माणसं होती. टनाटनाचे भारे आम्ही बांधतो.

आता दारूचं. जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या दंगलीच्या दिवसांत, मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेले. पँथरचा पहिला हुतात्मा डोक्याच्या मारानं गेला. त्याच वर्षी तिकडं स्कॉटलंडात ग्लासगो शहरात, तेही बोटी बांधणाऱ्या कामगारांचं शहर, टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी डोक्याच्या माराचं माप काढलं. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हात हलवतो कसा, याला गुण द्यायचे. पंधरा म्हणजे शुद्धीत. तीन म्हणजे काहीच नाही. आठ किंवा खाली असेल तर श्वासाची वाट धोक्यात. हे आज दुनियाभर चालतं. यात 'दारूचा वास येतो' याला गुण नाही. प्यायलेल्या माणसाचंही डोकं फुटतं, उलट तोच जास्त पडतो. आपल्या वस्तीत किती जण 'पिऊन पडलाय, झोपू दे' म्हणून रात्री झोपवले आणि सकाळी उठले नाहीत, मोजा. डोक्याला मार बसल्यावर माणूस तासभर चांगला बोलतो, चहा पितो, आणि कवटीच्या आत रक्त साठत जाऊन मग घोरायला लागतो. ते घोरणं झोपेचं नसतं. हलवून उठवा. उठत नसेल, ओकत असेल, एक बाहुली मोठी झाली असेल, तर उचला आणि न्या.

त्या डॉक्टरनं पोटाला हात लावला असता तर कडक लागलं असतं. मनगट धरलं असतं तर नाडी पळताना कळली असती. कपाळ गार लागलं असतं. चार फुटांवरून यातलं काही कळत नाही. मी विचार करतो, तो का नाही आला जवळ? जातीमुळं? की चोवीस तास जागा होता म्हणून? वर्गानंतर मी दोन्ही म्हणतो. आधी एकच म्हणायचो. पण जखमी माणूस तपासायची विद्या सगळी स्पर्शाची आहे, हे ज्याला कळलं नाही त्याला ती येत नाही, मग पदवी कुठलीही असो.

डॉक्टरांनाही हे सगळं एकदम नाही कळलं. १९७६ साली अमेरिकेत नेब्रास्कात जेम्स स्टायनर नावाच्या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान शेतात पडलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या इस्पितळात मुलांची जी हेळसांड झाली ती बघून तो म्हणाला, यापेक्षा मी शेतात बरी व्यवस्था केली होती. त्यातून १९७८ साली डॉक्टरांसाठी पहिला वर्ग निघाला: आधी काय मारतं ते आधी बघा, नाव-गाव-निदान नंतर. तो आज जगभर शिकवतात. त्याच्या मुलांच्या वाट्याला एक रात्र आली ती आपल्या मुलांच्या वाट्याला रोज येते, एवढंच.

एकाऐवजी दहा जखमी असतील तर? सगळे ओरडणाऱ्याकडं धावतात. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडलाय त्याच्याकडं जा. जो चालू शकतो त्याला बाजूला चालत जायला सांगा. उरलेल्यांत ज्याचा श्वास तीसच्या वर, ज्याची मनगटाची नाडी लागत नाही, ज्याला 'माझा हात दाब' म्हटलेलं कळत नाही, तो पहिला. नेपोलियनच्या फौजेत डॉमिनिक लारे नावाचा सर्जन होता. घोड्याच्या हलक्या गाड्या करून लढाई चालू असतानाच जखमी उचलायची पद्धत त्यानं काढली. त्याचा नियम असा की जास्त जखमी तो आधी, मग तो सेनापती असो की साधा शिपाई. सम्राटाच्या नोकरीतला माणूस हे म्हणतो! ज्याची जखम मोठी त्याचा नंबर पहिला: आपण राखीव जागांच्या भांडणात आयुष्यभर दुसरं काय सांगतो?

आता पँथरची गोष्ट. १९७२ साली इथल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, हे तुम्हाला पाठ आहे. बंदुका घेतलेले त्यांचे फोटो आपण भिंतीवर लावले. पण नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलम गावी त्याच ब्लॅक पँथर पक्षानं १९७४ साली मोफत अॅम्ब्युलन्स चालवली, तिचा फोटो कुणाच्या भिंतीवर आहे? काळ्या वस्तीत गाडी वेळेवर येत नव्हती, म्हणून पोरांनी प्रशिक्षण घेतलं आणि स्वतःची गाडी काढली.

त्याच्याही आधीची पिट्सबर्गची गोष्ट. तिथं जखमी माणसाला पोलिसांची गाडी न्यायची. दोन पोलीस पुढं, माणूस मागं एकटा, वाटेत मेला तरी कळत नसे. १९६७ साली हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत फ्रीडम हाउस नावाची अॅम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. पीटर साफार हा डॉक्टर, तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं यांची पद्धत बसवणाऱ्यांपैकी एक, त्यानं प्रशिक्षण आखलं. पोरं कोण? ज्यांना कुणी कामावर घेत नव्हतं ती. शाळा सुटलेली, काही तुरुंग बघितलेली. तीनशे तासांच्या आसपास शिकली. रस्त्यातच श्वासनळीत नळी घालायची, सलाईन लावायची, ही कामं ती करायला लागली, जी तोवर इस्पितळातला डॉक्टरच करायचा. पुढं नॅन्सी कॅरोलिन या डॉक्टरबाई त्यांच्याबरोबर गाडीत बसल्या, आणि त्या अनुभवातून लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक अमेरिकाभर चाललं. आणि पोरांचं काय झालं? १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केलं. नव्या सेवेत बहुतेक काळी माणसं टिकू दिली नाहीत. काम यांनी उभं केलं, वर्दी दुसऱ्यांनी घातली. ओळखीचं वाटतं ना? पण शिकलेलं कुणाला काढून घेता आलं नाही.

कायद्याचं दोन शब्दांत, कारण इस्पितळाच्या दारात 'पोलीस केस आहे' म्हणून अडवतात. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलंय: आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू. २०१६ साली त्याच कोर्टानं रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. हे कलम मोटार-अपघातापुरतं आहे, हे ध्यानात ठेवा. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग किती जखमी, मग काय झालं. गेटवर एक माणूस उभा करा. आमचा सगळा तास गेटवर गेला.

आणि मारहाण झाली असेल, गावात, जातीवरून, तर आणखी एक. कपडे कापताना चाकूच्या, गोळीच्या भोकातून कापू नका, बाजूनं कापा. धुऊ नका. प्लॅस्टिकमध्ये नको, कागदात गुंडाळा. पाठ बघा, पाठीवरचे वळ कुणी बघत नाही. प्रत्येक जखम केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. पुढं १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली केस उभी राहते ती त्या कागदावर. पण हे सगळं रक्त थांबल्यावर. पुराव्यासाठी माणूस मारू नका.

दादाच्या वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. लुगड्याचं. तिच्याच घरात दोरीवर वाळत होती दोन.

पुढच्या रविवारी नऊ वाजता इथंच. येताना जुनं लुगडं आणा, हातभर बांबूचा तुकडा, एक चादर, आणि ज्याच्याकडं सेकंदकाट्याचं घड्याळ आहे त्यानं ते. पोरींनी यायचंच, घरात भाजतं-पडतं तेव्हा तुम्हीच जवळ असता. विहाराचं मोडकं दार मागं पडलंय, ते स्ट्रेचर म्हणून चालेल, खिळे तेवढे काढून ठेवा. सहा जण लागतील उचलायला, एक डोक्याशी. पहिल्यांदा मी झोपतो खाली. माझं वजन चौसष्ट किलो आहे.